मुलींच्या वजनावर बोलणे आपणच थांबवायला हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी गेली बावीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. दर वर्षी सत्र सुरू झाले की मुलामुलींची उंची आणि वजन मोजून नोंदवण्याचे काम माझ्याकडे असते. काही वर्षांपूर्वी सहावीतली एक मुलगी काट्यावर चढण्याआधी रांगेतून बाजूला झाली. तिने मनगटावरचे घड्याळ काढले, केसांतल्या दोन पिना काढल्या, पायमोजे काढून बुटांत खोचले आणि मग पुढे आली. काट्यावर पाय ठेवताना घड्याळ अजून हातातच आहे हे तिच्या लक्षात आले, तेव्हा ती पुन्हा मागे गेली आणि ते मैत्रिणीकडे देऊन आली. मी नेहमीप्रमाणे आकडा मोठ्याने वाचला, कारण शेजारी बसलेल्या सहकारी तो ऐकून वहीत लिहीत होत्या. रांगेतून कुणीतरी खुदकन हसले. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ती खेळाच्या तासाला आली नाही. दर वेळी पोटात दुखत असल्याची चिठ्ठी यायची.

तिचे वजन तिच्या वयाला आणि उंचीला अगदी योग्य होते. ते अयोग्य असते तरीही पन्नास मुलींसमोर वाचून दाखवण्याचा मला अधिकार नव्हता, ही गोष्ट तेव्हा माझ्या मनातसुद्धा आली नाही. त्याची खंत आजही आहे, आणि हे पत्र लिहिण्यामागे तीच आहे.

मुलींना आपले शरीर आवडेनासे का होते, हा विषय निघाला की आपण सगळे मोबाइलकडे बोट दाखवतो. त्यात तथ्य आहेच. फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात १९९५ साली दूरचित्रवाणी पोहोचली. तिथे पूर्वापार भरलेले, धडधाकट शरीर चांगले मानले जाई. हार्वर्ड विद्यापीठाच्या ॲन बेकर यांनी दूरचित्रवाणी आल्यानंतर काही आठवड्यांतच तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच वयाच्या मुलींची पुन्हा केली. खाण्याबाबतच्या वृत्ती तपासणाऱ्या प्रश्नावलीत काळजी वाटावी इतके गुण असणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत आढळली नव्हती. दुसऱ्या पाहणीत अशा मुली ११.३ टक्के निघाल्या. पाहणी लहान होती, पण तीन वर्षांत आणि तेही केवळ दूरचित्रवाणीच्या पडद्यामुळे एवढा बदल दिसत असेल, तर दिवसभर हातात असणाऱ्या पडद्याचे काय होत असेल याचा अंदाज कुणीही करावा.

तरीही माझे म्हणणे असे आहे की पडद्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. पडद्यावर दिसलेले चित्र मुलीच्या मनात रुजते ते तिच्या जवळच्या मोठ्या माणसांच्या बोलण्यातून त्याला दुजोरा मिळतो तेव्हा. ‘किती सुटलीस ग’, ‘आता जरा खाण्यावर ताबा ठेव’, ‘ताई बघ कशी सडपातळ आहे’ ही वाक्ये वाईट हेतूने बोलली जात नाहीत, बहुतेकदा मायेनेच बोलली जातात, आणि म्हणूनच ती जास्त जिव्हारी लागतात. कौतुकाचेही तसेच आहे. माझी एक विद्यार्थिनी लांबलेल्या तापातून उठून शाळेत आली तेव्हा भेटेल तो तिला ‘छान बारीक झालीस’ म्हणू लागला. गेलेले वजन भरून काढण्याचे ते दिवस होते, आणि ती मात्र डबा तसाच घरी नेऊ लागली. तिच्या आईने वेळीच विचारले म्हणून समजले.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे आई, मावशी, आत्या, शिक्षिका स्वतःच्या शरीराबद्दल मुलींसमोर काय बोलतात. आरशासमोर पोट आत ओढून ‘मला काहीच शोभत नाही’ म्हणणारी आई मुलीला एका शब्दानेही टोचत नसते. पण मुलीला आपला बांधा आईसारखाच आहे हे ठाऊक असते, त्यामुळे आईने स्वतःला दिलेले नाव ती आपोआप स्वतःलाही लावून घेते. आम्ही शिक्षकही याला अपवाद नाही. ‘अजून दोन फेऱ्या मारा, चरबी उतरेल’ असे मी कित्येक वर्षे मैदानावर ओरडत आले, आणि धावणे ही शिक्षा आहे असे मीच मुलींना शिकवत होते हे मला फार उशिरा कळले.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१६ साली याच विषयावर एक मार्गदर्शिका काढली. किशोरवयीन मुलांमधला लठ्ठपणा आणि खाण्याचे विकार या दोन्हींना आळा घालण्यासाठी एकच सल्ले उपयोगी पडतात, असे तिचे सूत्र आहे. मुलांना डाएट करायला लावू नका, त्यांच्या किंवा स्वतःच्या वजनावर घरात चर्चा करू नका, वजनावरून चिडवू नका, शक्य तितक्या वेळा एकत्र जेवायला बसा, असे ते सल्ले आहेत. ‘लठ्ठपणा वाढत असताना वजनावर बोलायचेच नाही, हे कसे?’ असे पालक मला विचारतात, आणि त्यांची काळजी खरी असते. पण मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलामुलींची पाच वर्षांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा वजन कमी करण्यासाठी डाएट करणाऱ्यांमध्ये पुढे वजन वाढण्याची आणि खाण्याच्या विकारांची शक्यता इतरांपेक्षा जास्त आढळली. उपाशी राहिलेले पोट कधीतरी हिशेब चुकता करतेच. घरातल्या सगळ्यांचे जेवण, झोप आणि हालचाल सुधारली, तर त्या एका मुलीकडे बोट दाखवण्याची गरज उरत नाही, आणि वजनाची खरोखरच काळजी वाटत असेल तर तो विषय डॉक्टरांच्या खोलीत, दार लावून, हळुवारपणे बोलण्याचा आहे.

मुलींना आणखी एक गोष्ट सांगायची राहून जाते, ती म्हणजे वयात येताना वजन वाढणारच असते. ही सुरुवात साधारण ८ ते १३ या वयात केव्हाही होते आणि पहिली पाळी त्यानंतर सुमारे दोन ते अडीच वर्षांनी येते. या काळात मांड्या, नितंब, छाती भरतात, कारण पुढच्या आयुष्यासाठी शरीराला हा साठा हवा असतो. प्रौढपणीच्या वजनापैकी जवळपास निम्मे वजन या काही वर्षांतच येते. काही मुली आधी उंच होतात आणि मग भरतात, काहींचे नेमके उलट होते, आणि वर्गातली जी मुलगी सर्वांच्या आधी वयात येते ती स्वतःला सर्वांत बेढब समजते. आपल्यात काही बिघडले नाही, आपण फक्त पुढे आहोत, हे तिला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. पाळीची माहिती आता बऱ्याच शाळांत दिली जाते, पण कपड्यांचे माप बदलणार आहे, वजनाचा आकडा चढणार आहे आणि तो चढायलाच हवा, हे त्यात क्वचितच असते. हाडांचा सुमारे ९० टक्के साठा अठराव्या वर्षापर्यंत तयार होतो. याच वर्षांत पोट मारून घेतले तर पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि हाडांत राहिलेली उणीव पुढे सहजी भरून निघत नाही.

उंची-वजनाच्या गुणोत्तराविषयी, म्हणजे ज्याला आपण बीएमआय म्हणतो त्याविषयीही थोडे सांगायला हवे. हे गणित एकोणिसाव्या शतकात केटले नावाच्या बेल्जियन शास्त्रज्ञाने लोकसंख्येचा अभ्यास करताना मांडले. प्रौढांसाठी ठरवलेल्या त्याच्या मर्यादा मुलांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी वय आणि लिंगानुसार वेगळे तक्ते लागतात, आणि ५ ते १९ वयोगटासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली असे तक्ते प्रसिद्धही केले आहेत. मोबाइलवरच्या ॲपमध्ये अकरा वर्षांच्या मुलीचे आकडे टाकून निघालेल्या उत्तरावर घाबरणारे पालक मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहिले.

मैदानावर मला एक दृश्य रोज दिसते. मुलगी धावत असते, पण एका हाताने टी-शर्ट खाली ओढत असते. पाय मोकळे असतात, हात मात्र अडकलेला. तिचे निम्मे लक्ष धावण्यावर आणि निम्मे आपण मागून कशा दिसतो यावर असते. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच बंद खोलीत तपासले गेले. काही जणींना पोहण्याचा पोशाख आणि काहींना स्वेटर घालून एकटीने आरशासमोर उभे राहायला सांगितले आणि मग त्याच कपड्यांत गणिते सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या स्त्रियांची गणिते जास्त चुकली. पुरुषांच्या बाबतीत तसे झाले नाही. खोलीत त्या स्त्रियांना पाहणारे कुणीही नव्हते. पाहणारी नजर त्यांच्या मनातच होती. मुलींच्या अभ्यासाची काळजी करणाऱ्या प्रत्येक पालकाने यावर थोडा वेळ विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मी माझ्या परीने काही बदल केले. आता वजन पडद्याआड, एकेकीचे घेतले जाते, आणि आकडा मी लिहिते, वाचत नाही. खेळाच्या गणवेशाचे माप मुलीने घरून चिठ्ठीवर लिहून आणायचे, वर्गात पुकारायचे नाही, आणि सैल टी-शर्ट हवा असेल तर तो तिला कारण न विचारता मिळतो. तासाच्या शेवटी मी विचारते ते आज कुणाचा दम जास्त टिकला, कुणाची उडी एक वीत पुढे गेली, कुणाला पहिल्यांदाच झेल जमला एवढेच. याशिवाय एक प्रयोग मी अमेरिकेतल्या एरिक स्टाइस या मानसशास्त्रज्ञाच्या कार्यक्रमावरून घेतला. त्यात मोठ्या माणसांनी उपदेश करायचा नसतो. ‘बारीक असणे म्हणजेच सुंदर असणे’ या समजुतीविरुद्ध मुलींनी स्वतःच मुद्दे मांडायचे असतात, आपल्याहून लहान मुलीला पत्र लिहायचे असते. आपल्याच तोंडून निघालेल्या मुद्द्याच्या विरुद्ध वागणे मनाला जड जाते, हा त्यामागचा विचार. आठवीतल्या एका मुलीने अशा पत्रात लिहिले, ‘तुझ्या पायांनी तू शाळेत येतेस, त्यांना जाड म्हणू नकोस.’ ते वाक्य तिला मी सुचवले नव्हते.

मात्र सगळे काही बोलण्याने सुटत नाही. मुलगी जेवणाची वेळ टाळू लागली, जेवून लगेच बाथरूममध्ये जाऊ लागली, तिला सतत थंडी वाजू लागली, पाळी थांबली किंवा आजारी असतानाही ती व्यायाम सोडेना, तर डॉक्टरांना दाखवायला एक दिवसही उशीर करू नये. सतत उपाशी राहण्याचा ॲनोरेक्सिया हा विकार सर्वाधिक मृत्यू ओढवणाऱ्या मनोविकारांपैकी एक आहे. आणि खाण्याचे विकार फक्त हडकुळ्या मुलींनाच होतात असेही नाही. ते कोणत्याही वजनाच्या मुलीत असू शकतात, म्हणूनच ते लक्षात यायला उशीर होतो.

आता आपल्याला एक विनंती. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचा बांधा बदललेला असेल, तर छायाचित्रावर तसे छापणे बंधनकारक आहे. अशा सूचनांनी पाहणारीच्या मनावरचा परिणाम फारसा कमी होत नाही, असे बहुतेक अभ्यासांत दिसले आहे, त्यामुळे तसल्या शिक्क्यांची मागणी मी करत नाही. माझे मागणे साधे आहे. वजन घटवण्याचे उपाय छापताना ते फक्त प्रौढांसाठी आहेत, वाढत्या वयाच्या मुलींनी ते करू नयेत, हे त्याच मजकुरात ठळक अक्षरांत छापावे. मुलींच्या सामन्यांच्या बातमीत खेळाडूच्या दिसण्याचे विशेषण काढून तिची वेळ, तिचे गुण, तिने टाकलेले अंतर द्यावे. आणि वयात येतानाच्या बदलांवर एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून मुलींनाच उद्देशून लिहून घ्यावे. आपल्या दैनिकाची पुरवणी आमच्या वाचनालयात येते आणि मधल्या सुट्टीत मुली ती वाचत बसलेल्या असतात.

कळावे,
आपली,
शारीरिक शिक्षणाची एक शिक्षिका