कॅनडाशी करार करताना तारखेची हमी मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत आणि कॅनडा यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराची बोलणी नव्याने सुरू करायचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या जी-२० परिषदेत मोदी आणि कॅनडाचे पंतप्रधान कार्नी यांच्यात ठरले. तेव्हापासून या विषयावर पुष्कळ लिहून आले. त्यातले बरेचसे राजनैतिक संबंधांबद्दल आहे, उरलेले शुल्काच्या टक्क्यांबद्दल. न्हावा शेवा बंदरात कडधान्याच्या कंटेनरची कागदपत्रे हाताळणाऱ्या आम्हा मंडळींना त्यात एक गोष्ट कुठेच सापडली नाही, ती म्हणजे तारीख. शुल्क किती, याच्याइतकाच ते कोणत्या तारखेला पकडायचे हा प्रश्न मोठा आहे. आणि कॅनडात रेल्वे किंवा बंदर बंद पडले की ती तारीख आयातदाराच्या हातात राहत नाही.

वाटाण्याचेच घ्या. किराणा दुकानात पांढरा वाटाणा म्हणून मिळतो आणि उसळीत, मिसळीत जातो, तो आयातीच्या कागदावर पिवळा वाटाणा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्यावरचे आयात शुल्क काढले आणि पुढे मुदत वाढवत वाढवत ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली. ती मुदत संपायच्या आधीच, ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नवी अधिसूचना निघाली आणि १ नोव्हेंबरपासून ३० टक्के शुल्क लागले. १० टक्के मूळ शुल्क, २० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर. एरवी कस्टम्स कायद्याच्या कलम १५ प्रमाणे दर ठरतो तो बिल ऑफ एन्ट्री (आयातदाराने कस्टम्सला दिलेले मालाचे विवरण) भरल्याच्या किंवा जहाजाला एन्ट्री इनवर्ड (माल उतरवायची कस्टम्सची परवानगी) मिळाल्याच्या तारखेवर, त्यांतली जी नंतरची असेल तिच्यावर. इथे वाटेतल्या मालाला सूट देण्यासाठी वेगळी कसोटी लावली: बिल ऑफ लेडिंग (बीएल, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) ३१ ऑक्टोबरचे किंवा त्याआधीचे असेल तर शुल्क नाही.

सूट योग्यच होती. पण बीएलवर ‘शिप्ड ऑन बोर्ड’ची तारीख पडते ती कंटेनर जहाजावर चढल्यावर. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात माल भरला, सील लागले, रेल्वेने रॉकी पर्वत ओलांडून कंटेनर व्हँकुव्हरच्या टर्मिनलात पोचला, फायटोसॅनिटरी (माल कीडरोगमुक्त असल्याचा) दाखला तयार झाला, एवढे सगळे होऊनही क्रेन थांबलेली असेल तर ती तारीख पडत नाही. समजा एका वीसफुटी कंटेनरमध्ये २४ टन वाटाणा आहे आणि हिशेबापुरता किलोला ३० रुपये भाव धरला. माल ७ लाख २० हजारांचा, ३० टक्क्यांनी शुल्क २ लाख १६ हजार, म्हणजे किलोमागे ९ रुपये. कडधान्याच्या घाऊक व्यापारात एवढा नफा कोणाच्याच पदरात पडत नसतो. त्या ऑक्टोबरात व्हँकुव्हरचे बंदर चालू होते म्हणून निभावले. वर्षभर आधी, ४ नोव्हेंबर २०२४ पासून, तिथल्या मालकांनी फोरमनना (गोदीतल्या मुकादमांना) लॉकआउट केले होते, म्हणजे कामावर येऊ दिले नव्हते, आणि पाठोपाठ १० तारखेला माँट्रियलच्या गोदी कामगारांनाही. अधिसूचना त्या आठवड्यात पडली असती, तर टर्मिनलात अडकलेल्या प्रत्येक डब्यावर वर सांगितलेला भुर्दंड बसला असता.

बंद पडते म्हणजे नेमके काय बंद पडते, हेही नीट समजून घेतले पाहिजे. कॅनडा लेबर कोडच्या कलम ८७.७ प्रमाणे गोदी कामगारांचा संप असला तरी परवानाधारक एलेव्हेटरवर (बंदरातल्या धान्याच्या कोठारावर) धान्याची जहाजे बांधणे, सोडणे आणि भरणे चालूच ठेवावे लागते. त्यामुळे जुलै २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाची, म्हणजे व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे तिथली, बंदरे १३ दिवस बंद होती तेव्हाही बल्क (कंटेनरविना सुट्या भरलेल्या) धान्याची जहाजे भरता येत होती, कंटेनर मात्र अडकले. आपल्याकडे छोटा आयातदार पाच-दहा कंटेनर मागवतो, आख्खे जहाज नव्हे, म्हणजे कायद्याचे हे संरक्षण त्याला नाही. बल्कवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हँकुव्हरच्या धान्य टर्मिनलांतील सुमारे ६५० कामगार संपावर गेले. ते गोदी कामगार नसल्याने हे कलम त्यांना लागू झाले नाही आणि एलेव्हेटरच थांबले. रेल्वेलाही ते लागू नाही. २२ ऑगस्ट २०२४ रोजी सीएन आणि सीपीकेसी या दोन्ही रेल्वे कंपन्यांनी मिळून ९,००० हून अधिक कामगारांना एकाच दिवशी लॉकआउट केले, आणि त्याच्या कितीतरी दिवस आधीपासून त्यांनी काही प्रकारचा माल घेणे टप्प्याटप्प्याने बंद केले होते. खोळंबा संपाच्या तारखेआधी सुरू होतो आणि संप मिटल्यावरही तुंबलेला माल हलेपर्यंत टिकतो.

खताचेही तेच. पोटॅशसाठी आपण परदेशावर अवलंबून आहोत आणि कॅनडा हा मोठा पुरवठादार आहे. २०२३ च्या बंदर संपात न्यूट्रिएन कंपनीला सस्कॅचवानमधील कोरी खाणीचे उत्पादन कमी करावे लागले, कारण माल जायला वाट नव्हती. कोकणात हापूसच्या आणि नारळाच्या बागांना पोटॅश पावसाळ्याच्या सुरुवातीला द्यायचे असते. ते दिवस निघून गेल्यावर आलेले पोते त्या हंगामात बागायतदाराच्या फारसे कामाचे नाही.

आता संप मिटवण्यामागचे राजकारण. कॅनडाच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ३४३ जागा आहेत, बहुमताला १७२ लागतात. २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाला १६९ मिळाल्या. त्या वर्षीचा अर्थसंकल्प १७ नोव्हेंबरला १७० विरुद्ध १६८ असा मंजूर झाला. कोणालाच बहुमत नसलेल्या अशा सभागृहात संप मोडणारा कायदा आणायचा तर दुसऱ्या पक्षाची मते मागावी लागतात. एप्रिल २०२१ मध्ये माँट्रियल बंदरासाठी ती कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने दिली होती. पुढे मार्च २०२२ मध्ये लिबरल पक्षाचा न्यू डेमोक्रॅटिक पक्षाशी सहकार्याचा करार झाला आणि त्याची एक किंमत म्हणून संपकाळात बदली कामगार लावायला बंदी घालणारा कायदा आला. तो २० जून २०२५ पासून लागू आहे. कामगारांच्या बाजूचा कायदा करणारे सरकार सभागृहात संपबंदीचे विधेयक कसे नेणार? म्हणून कॅनडा लेबर कोडचे कलम १०७ पुढे आले. त्याखाली कामगारमंत्री औद्योगिक संबंध मंडळाला (कामगार-मालक वाद हाताळणाऱ्या मंडळाला) थेट निर्देश देतात, संसदेत मतदान होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये रेल्वे, नोव्हेंबरमध्ये बंदरे, डिसेंबरमध्ये टपाल कर्मचारी: चार महिन्यांत तीनदा हेच झाले.

आयातदारांपैकी अनेकांना हे सोयीचे वाटते. संप लवकर मिटतो, मग बिघडले कुठे? आमचे मत वेगळे आहे. मंत्री शेवटी आदेश काढणारच असे दिसले की मालक गंभीरपणे वाटाघाटी करत नाहीत, आणि वाद न सुटता पुढे ढकलला जातो. टपाल कर्मचारी डिसेंबर २०२४ मध्ये कामावर परत पाठवले गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा देशव्यापी संपावर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या केबिन कर्मचाऱ्यांनी तर आदेश निघूनही काम सुरू केले नाही, आणि तीन दिवसांत वाटाघाटीनेच तडजोड झाली. संपाचा हक्क राज्यघटनेने संरक्षित आहे असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितले आहे. ‘सरकार दोन दिवसांत उघडून देईल’ या भरवशावर कोणी एलसी (बँकेचे पतपत्र) उघडू नये.

तिथले संप अचानक होत नाहीत, हा आपल्या फायद्याचा भाग आहे. आधी वादाची नोटीस, मग ६० दिवसांची समेट प्रक्रिया, मग २१ दिवस थांबणे, गुप्त मतदान, आणि शेवटी ७२ तासांची लेखी नोटीस. बदली कामगारांवर बंदी घालणाऱ्या नव्या कायद्याने आणखी एक अट घातली: संपकाळात कोणती कामे चालू राहतील याचा करार किंवा मंडळाचा निर्णय असल्याशिवाय ही नोटीसच देता येत नाही. २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाचे गोदी कामगार १८ जुलैला नव्या नोटिशीविना पुन्हा बाहेर पडले, तेव्हा मंडळाने तो संप बेकायदा ठरवला. म्हणजे समेटाचे ६० दिवस सुरू झाल्याची बातमी हा आपल्यासाठी सुमारे अडीच महिन्यांचा इशारा आहे. व्हँकुव्हरहून न्हावा शेवाला कंटेनर पोचायला साधारण दीड महिना लागतो. एवढ्या अवधीत ऑर्डर पुढेमागे करता येते किंवा मसूर ऑस्ट्रेलियातून मागवता येतो. आपल्या दैनिकाच्या बाजारभावाच्या पानावर ही माहिती वेळच्या वेळी यावी, अशी विनंती आहे. परदेशी घडामोडींच्या पानावर ती संप सुरू झाल्यावर येते, तेव्हा तिचा उपयोग राहिलेला नसतो.

कॅनडाच्या व्यापार धोरणाचाही वाटाण्याशी थेट संबंध आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी चिनी विजेवरच्या मोटारींवर १०० टक्के शुल्क लावले. चीनने मार्च २०२५ मध्ये कॅनडाच्या वाटाण्यावर आणि कॅनोला तेलावर १०० टक्के लावून उत्तर दिले. चीनचे दार बंद झाल्यावर कॅनडाच्या वाटाण्याला भारताखेरीज दुसरा मोठा गिऱ्हाईक उरला नाही, भाव पडले, आणि आपल्या तूर-हरभरा शेतकऱ्यांनी शुल्काची मागणी केली. ती रास्त होती. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याला हमीभावही न मिळता बाहेरचा माल बिनशुल्क यावा, असे आम्ही आयातीच्या धंद्यात असूनही म्हणणार नाही.

म्हणून शुल्क शून्य करा, असे आमचे मागणे नाही. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. एक, कडधान्यावरचे शुल्क बदलताना किमान ६० दिवसांची पूर्वसूचना. दोन, निर्यात बंदरात किंवा रेल्वेवर संप अथवा लॉकआउट असेल, तर बीएलऐवजी टर्मिनलच्या गेट-इनची (कंटेनर दारातून आत आल्याची) किंवा रेल्वेने माल ताब्यात घेतल्याची तारीख ग्राह्य धरावी. संपाची नोटीस आणि मंडळाचे आदेश सार्वजनिक असतात, त्यामुळे खोटेपणाला फारसा वाव नाही. कॅनडा दूध आणि कोंबडीच्या बाबतीत सवलत देऊ शकणार नाही, कारण ब्लॉक केबेक्वा पक्षाने आणलेला सी-२०२ हा कायदा जून २०२५ पासून आडवा येतो. आपल्यालाही दुधाची आयात नकोच आहे. मग या तांत्रिक कलमांवर एकमत होणे अवघड नसावे.

तोवर चिपळूण, कुडाळ, पेणच्या ज्या व्यापाऱ्यांनी हाय-सी सेलमध्ये (जहाज वाटेत असतानाच होणाऱ्या विक्रीत) माल घ्यायला सुरुवात केली आहे त्यांनी खरेदीच्या करारात वाढीव शुल्क कोणी भरायचे हे स्पष्ट लिहून घ्यावे. काहीच लिहिले नसेल तर बिल ऑफ एन्ट्री भरणारा, म्हणजे शेवटचा खरेदीदार अडकतो. एलसीमध्ये शेवटची शिपमेंट तारीख महिनाभर सैल ठेवावी. आणि विम्याच्या भरवशावर राहू नये: विम्याच्या स्ट्राइक्स क्लॉजमध्ये (संपाबाबतच्या कलमात) संपकऱ्यांनी मालाची केलेली नासधूस भरून मिळते, उशिरामुळे झालेला तोटा मिळत नाही.

आपले,
कडधान्य आयातीचे कस्टम्स काम पाहणारे काही वाचक,
उरण, जि. रायगड