स्क्रीन रीडरची चाचणी: ब्राउझर सोर्सपासून बांधून पाहा

महोदय,

अंध व्यक्तींना पान बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे स्क्रीन रीडरने, एखादे बटण वाचले नाही की दोष संकेतस्थळाच्या माथी मारला जातो. बऱ्याचदा तो तिथलाच असतो. पण पान आणि स्क्रीन रीडर यांच्यामध्ये ब्राउझरही असतो, हे चाचणी करणारेसुद्धा विसरतात. स्क्रीन रीडर पडद्यावरची अक्षरे पाहत नाही. ही लिंक, हे शीर्षक, हा चौकोन निवडलेला, अशी पानाची एक समांतर रचना ब्राउझर तयार करतो आणि ऑपरेटिंग सिस्टीममार्फत पुढे देतो. तीच चुकली तर पान निर्दोष असूनही ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. फायरफॉक्ससारख्या ब्राउझरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, खुला असल्यामुळे ही रचना दुरुस्त करणारा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, सर्वांपर्यंत पोहोचण्याआधीच स्वतः ब्राउझर बांधून (बिल्ड करून) तपासता येतो. ती सोय फारच थोडे लोक वापरतात, म्हणून हे पत्र.

आधी एक खर्च वाचवू. ‘कालपर्यंत चालत होते, आज बिघडले’ अशी तक्रार असेल तर काहीही बांधू नका. मोझरिग्रेशन हे साधन जुन्या तयार आवृत्त्या एकामागून एक उतरवून देते. तुम्ही फक्त ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ असे सांगत जायचे. बिघाड कोणत्या बदलाने झाला ते त्यातून सापडते. स्वतः बांधायची वेळ येते ती कोडमध्ये बदल करून पाहायचा असेल तेव्हा.

इथे नवख्यांची हमखास फसगत होते. फायरफॉक्स दोन प्रकारे बांधता येतो. आर्टिफॅक्ट बिल्डमध्ये सी प्लस प्लस या भाषेतला आधीच बांधलेला भाग उतरवला जातो आणि काम काही मिनिटांत आटोपते. मेनू, टूलबार, सेटिंग्जचे पान यांतील बदल तपासायला तो पुरेसा आहे. पण सुलभतेचे इंजिन, म्हणजे ती समांतर रचना तयार करणारा भाग, सी प्लस प्लसमध्ये, ‘ॲक्सेसिबल’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे. तिथे केलेला बदल आर्टिफॅक्ट बिल्डमध्ये उतरतच नाही. बिल्ड यशस्वी झाल्याचा संदेश येतो, ब्राउझर उघडतो, स्क्रीन रीडर पूर्वीसारखाच चुकीचे वाचतो आणि चांगला पॅच निकामी ठरवला जातो.

पूर्ण बिल्डसाठी 8 जीबी किंवा त्याहून जास्त मेमरी ठेवावी. 4 जीबीवर ते रडतखडत होते. डिस्कवर लिनक्ससाठी सुमारे 30 जीबी, विंडोजसाठी 40 जीबी मोकळी जागा हवी. क्रोमचा खुला पाया असलेल्या क्रोमियमला किमान 100 जीबी लागते, त्यामुळे सुरुवात फायरफॉक्सपासून केलेली बरी. विंडोजवर आधी मोझिलाबिल्ड हा साधनांचा संच बसवावा. सोर्सच्या फोल्डरच्या मार्गात कुठेही मोकळी जागा, म्हणजे स्पेस, नसावी. सोर्स आणि बिल्डचे फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावेत, नाहीतर हजारो लहान फाइल्सपैकी प्रत्येक फाइल तपासत बसल्याने वेळ कितीतरी वाढतो. सोर्स उतरवून घेतला की पुढे माक (mach) या साधनाच्या तीनच कमांड: ‘माक बूटस्ट्रॅप’ साधने आणते, ‘माक बिल्ड’ बांधते, ‘माक रन’ चालवते. पहिली बांधणी तासांच्या हिशेबात जाऊ शकते. नंतर फक्त सी प्लस प्लस बदलले असेल तर ‘माक बिल्ड बायनरीज’, फक्त मेनू-खिडक्या बदलल्या असतील तर ‘माक बिल्ड फास्टर’.

जो स्वतः स्क्रीन रीडरवर काम करतो त्याला टर्मिनलचा, म्हणजे कमांडच्या खिडकीचा, मारा असह्य होतो, कारण बिल्ड चालू असताना ओळींमागून ओळी वाचल्या जातात. सगळा आउटपुट फाइलमध्ये वळवावा आणि शेवटच्या काही ओळी सावकाश ऐकाव्यात. विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि 5 दाबले की आपोआप बदलणारा मजकूर वाचणे थांबते. काम झाल्यावर ते परत चालू करायला विसरू नये.

डीबग बिल्डवर, म्हणजे चुका शोधण्यासाठीच्या बिल्डवर, वेगाचा निष्कर्ष कधीही काढू नये. त्यात जागोजागी जादा तपासण्या असतात, त्यामुळे तो मुळातच मंद चालतो. डीबग आणि साधा असे दोन्ही प्रकार हवे असतील तर प्रत्येकाचे बिल्ड-फोल्डर वेगळे ठेवावे.

ब्राउझर उघडल्यावर हातातली आवृत्ती आपलीच आहे ना, हे आधी पाहावे. घरी बांधलेला फायरफॉक्सही स्वतःला मोझिलाच्या रोजच्या चाचणी-आवृत्तीप्रमाणे ‘नाइटली’ म्हणवतो, तेव्हा खिडकीच्या नावावर विसंबू नये. ‘अबाउट सपोर्ट’ (about:support) पानावर ॲप्लिकेशनच्या फाइलचा मार्ग दिसतो. त्याच पानावर सुलभता सक्रिय आहे की नाही तेही लिहिलेले असते. स्क्रीन रीडरसारख्या साधनाने मागणी केल्याशिवाय सुलभतेचे इंजिन सुरूच होत नाही, म्हणून ही नोंद महत्त्वाची. लिनक्सवर ओर्का हा स्क्रीन रीडर चालू असूनही ती नोंद ‘नाही’ म्हणत असेल, तर जीनोम ॲक्सेसिबिलिटी (GNOME_ACCESSIBILITY) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत 1 ठेवून ब्राउझर पुन्हा सुरू करावा.

मग तपासायचे काय? नुसती शीर्षके आणि लिंका वाचून घेणे ही चाचणी अपुरी आहे. 2023 मध्ये आलेल्या फायरफॉक्स 113 पासून नवे इंजिन लागू झाले. पानाची रचना आता ब्राउझरच्या मुख्य प्रक्रियेत (प्रोसेसमध्ये) साठवलेली असते आणि स्क्रीन रीडरच्या प्रश्नांना तिथूनच उत्तर मिळते. पूर्वी प्रत्येक प्रश्न पानाच्या प्रक्रियेपर्यंत जाऊन परत यायचा. वेग त्यामुळे खूपच सुधारला, पण साठवलेली प्रत शिळी राहण्याची नवी शक्यताही आली. म्हणून बदलणाऱ्या गोष्टींवर भर द्यावा: उघडमीट होणारे मेनू, टाइप करताना बदलणाऱ्या सूचना, ओळी वाढणारे तक्ते, चौकटीच्या आतली चौकट. पडद्यावर नवा मजकूर आणि कानावर जुना, असे झाले तर संशय थेट ब्राउझरवर.

तरीही खात्री करावी. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्याच स्क्रीन रीडरने ऐकावे, मग त्याच ब्राउझरमध्ये दुसऱ्या स्क्रीन रीडरने. डेव्हलपर टूल्समधील सुलभतेचा विभाग ब्राउझरला आतून काय वाटते ते दाखवतो. बाहेर काय पोहोचले ते एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ 1 दाबून लॉगमध्ये वाचता येते, लिनक्सवर ॲक्सरसायझर या तपासणी-साधनामध्ये. आत बरोबर आणि बाहेर चूक असेल तर दोष नेमका कोणत्या टप्प्यात आहे ते तिथेच कळते.

अशी तक्रार मोझिलाच्या बगझिला या तक्रार-नोंदवहीमध्ये ‘कोअर’खालील ‘डिसॅबिलिटी ॲक्सेस एपीआय’ या विभागात जाते. मेनू-टूलबारबद्दलची ‘फायरफॉक्स’खालील ‘डिसॅबिलिटी ॲक्सेस’मध्ये. सोबत दहा-वीस ओळींचे नमुना पान, स्क्रीन रीडरची आवृत्ती, बिल्ड कोणत्या बदलावर बांधला त्याचा क्रमांक, आणि काय ऐकू यायला हवे होते व काय आले ते शब्दशः द्यावे. ‘नीट वाचत नाही’ एवढेच लिहिलेल्या तक्रारीवरून कोणताही प्रोग्रामर काही दुरुस्त करू शकत नाही.

आपले,
ब्राउझर-सुलभतेची चाचणी करणारे काही वाचक