अर्धशिशीच्या झटक्यांची नोंद मेडिकल बोर्डाने घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माजी सैनिकांच्या डिसेबिलिटी पेन्शनविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून लिहून येते, परंतु त्यात बहुधा गमावलेला पाय, निकामी झालेला हात किंवा गेलेला डोळा यांचीच चर्चा असते. अर्धशिशीच्या, म्हणजे लष्करी कागदांवर ज्याला ‘मायग्रेन’ म्हणतात त्या आजाराच्या, अपिलांचे काय होते ते मी घरातून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

माझे यजमान 1989 मध्ये तोफखान्यात भरती झाले. भरतीच्या तपासणीत डोकेदुखीची नोंद नव्हती, कारण ती तक्रारच नव्हती. 2001 मध्ये त्यांची तुकडी उंचावरच्या तैनातीहून मैदानी छावणीत परतली आणि काही आठवड्यांतच त्यांना पहिल्यांदा उचलून एमआय रूममध्ये, म्हणजे तुकडीच्या दवाखान्यात, न्यावे लागले. पुढे लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नसल्याचा वैद्यकीय दर्जा, मग तोफांपासून दूर भांडारातले काम, आणि 2006 मध्ये सतरा वर्षांच्या सेवेनंतर ते घरी आले. मेडिकल बोर्डाने, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, अपंगत्व 20 टक्के ठरवले. मात्र आजार प्रकृतीजन्य आहे, शांतता क्षेत्रात, म्हणजे सीमेपासून दूरच्या छावणीत, सुरू झाला आहे, तो सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा शेरा मारला, आणि त्यामुळे डिसेबिलिटी पेन्शन नाकारली गेली. तो निष्कर्ष कशावरून काढला, याबद्दल एक वाक्यही त्या कागदावर नाही. पहिल्या अपिलाच्या उत्तरात तोच शेरा जसाच्या तसा उतरवून आला, आणि मुलांची शाळा व घरचा खर्च यांत आमची पुढे लढण्याची उमेद संपली.

वास्तविक त्यांना लागू असलेले 1982 चे डिसेबिलिटी पेन्शनचे नियम जवानाच्या बाजूने स्पष्ट होते. भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही तो सेवाकाळात उद्भवला, तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे, पुरावा देण्याचा भार जवानावर टाकू नये आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यावा, असे ते सांगत. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात याच नियमांचा आधार घेतला. सिग्नल्समधील, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलातील, या जवानाला अपस्माराचे झटके येत, बोर्डाने त्यांचाही आजार सेवेशी संबंधित नसल्याचे लिहिले होते, आणि कारणे न देता दिलेले असे मत न्यायालयाने मान्य केले नाही. आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला की सीमेवर, याने फरक पडत नाही, हे लष्करी डॉक्टरांच्या मार्गदर्शिकेतच लिहिलेले आहे आणि तो उतारा त्या निकालात दिलेला आहे. हे आम्हाला कळायला 2022 साल उजाडले. आता आमचा अर्ज सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे आहे. निकाल बाजूने लागला, तरी उशिरा आलेल्या अर्जाला साधारणतः मागील तीन वर्षांचीच थकबाकी मिळते; त्याआधीची वर्षे गेली ती गेलीच.

नंतरच्या जवानांची वाट अधिक अवघड आहे. 2008 च्या नियमांनी, भरतीची तपासणी सर्व सुप्त आजार पकडू शकत नाही आणि सेवेत आजार दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असे ठरत नाही, अशी भूमिका घेतली. सप्टेंबर 2023 पासून आणखी नवे नियम आले. अशा वेळी अर्धशिशीच्या रुग्णाने काय दाखवायचे? जखमेचा व्रण नाही, एक्स-रे स्वच्छ, स्कॅनमध्ये काही नाही, आणि बोर्डापुढे बसलेल्या दिवशी तो माणूस ठणठणीत दिसतो.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्याने हा प्रश्न ज्या रीतीने हाताळला आहे, ती मला शहाणपणाची वाटते. तेथील नियमावलीत मायग्रेनला 8100 हा स्वतंत्र क्रमांक आहे आणि टक्केवारी स्कॅनवर ठरत नाही; माणसाला अंथरुणावर पाडणारे झटके किती वेळा येतात, त्यावर ठरते. सरासरी दोन महिन्यांतून एक असा झटका असेल तर 10 टक्के, महिन्याला एक असेल तर 30, आणि झटके फार वारंवार, दीर्घ व कमाईला गंभीर बाधा आणणारे असतील तर 50 टक्के. पत्नीने किंवा सोबतच्या जवानाने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींचे लेखी निवेदनही तेथे पुरावा म्हणून विचारात घेतात. तेथेही दावे फेटाळले जातात आणि अपिले रेंगाळतात, हे खरेच. परंतु निदान काय मोजायचे हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते.

आमच्या घरी ही मोजणी भिंतीवरच्या कालनिर्णयावर होते. दुधाच्या आणि गॅस सिलिंडरच्या नोंदींशेजारी मी यजमानांच्या झटक्याच्या दिवशी लाल फुली करते. त्या दिवशी खिडक्यांना चादरी लावायच्या, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, उलट्यांसाठी पातेले उशाशी ठेवायचे. महिन्याला तीन-चार फुल्या असतात. सुरक्षारक्षकाच्या दोन नोकऱ्या याच फुल्यांमुळे गेल्या. प्रखर दिव्याखालची रात्रपाळी त्यांना झेपत नाही, आणि आधी न कळवता गैरहजर राहणारा माणूस कोणी ठेवत नाही. यांपैकी काहीही मला कोणत्याही बोर्डाने विचारले नाही आणि यजमानांच्या जाडजूड फाइलमध्ये झटक्यांची संख्या एकाही पानावर नाही.

म्हणून संरक्षण मंत्रालयाला माझी विनंती आहे की, अर्धशिशीसारख्या आजारात बोर्डाने मागील वर्षभरात आलेल्या झटक्यांची संख्या, त्यांचा कालावधी आणि बुडालेले कामाचे दिवस विचारून लिहून घ्यावेत, घरच्या माणसाचे निवेदन सोबत जोडावे, आणि आजार सेवेशी संबंधित नाही असे म्हणायचे असल्यास त्याची कारणे जवानाला वाचता येतील अशा शब्दांत द्यावीत. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही अपंगत्वाच्या प्रकरणांतील अनावश्यक सरकारी अपिले थांबवावीत असे सुचवले होते. बोर्डाचा कागदच नीट लिहिला गेला, तर त्यांतील कितीतरी भांडणे न्यायालयापर्यंत जाणारच नाहीत.

ज्या घरांत असा रुग्ण आहे त्या भगिनींना एक सांगणे: जुनी कॅलेंडरे रद्दीत देऊ नका. माझ्याकडची 2015 च्या आधीची सगळी गेली. उरलेली वकिलांनी मागून घेतली आणि पानोपानी क्रमांक घालून अर्जासोबत जोडली आहेत.

आपली नम्र,
एका माजी सैनिकाची पत्नी,
ता. कोरेगाव, जि. सातारा