होडीचे इंजिन भंगारात काढण्याआधी

संपादक महोदय,
स. न.

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत मुठेचे पाणी शिरले, तेव्हा माणसांना बाहेर काढायला होड्याच लागल्या. होडी वर्षानुवर्षे टिकते; दगा देते ते मागे लावलेले आउटबोर्ड इंजिन. जुनी टू-स्ट्रोक इंजिने बंद पडली की भंगाराच्या भावाने विकली जातात. त्यांतली बरीचशी घरच्या घरी पुन्हा बांधता येतात. अट एकच: इंजिन का बसले, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये का अडकला, ते आधी शोधायचे, नवा पिस्टन नंतर. नुसते रिबोअर करून (सिलिंडर आतून कापून थोडे रुंद करून) पिस्टनच्या रिंगा टाकलेले इंजिन थोडे दिवस पळते आणि पुन्हा पकडते.

दोन सिलिंडरच्या इंजिनाचे एक्झॉस्टचे झाकण उघडले की पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकातून, पिस्टनच्या बाजू दिसतात. दोन्ही पिस्टन सारखेच ओरखडले असतील, तर थंडाव्याचे पाणी खेळले नाही किंवा पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडले. एकच ओरखडला असेल, तर त्या सिलिंडरला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळत होती. अशा वेळी कार्बोरेटरमधले जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) आणि क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याचे, सील तपासावे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँकभोवतीच्या पेटीत, क्रँककेसमध्ये, येते. तिथले सील कडक झाले की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पिस्टन तापतो. बहुतेक सीलांवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, उदाहरणार्थ २५-४०-७. तो आकडा घेऊन नाना पेठेत विचारावे आणि सील पेट्रोलला टिकणाऱ्या व्हायटॉन रबराचे मागावे.

झाकणाचे बोल्ट जोर लावून फिरवू नयेत. कोकणातून आलेल्या इंजिनात मीठ साचून ते ॲल्युमिनियमला धरलेले असतात आणि मुंडी तुटते. बोल्टाभोवतीचा भाग ब्लोटॉर्चने तापवून थोडे पुढे, थोडे मागे असे फिरवत काढावे. त्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून दूर ठेवावेत. क्रँकच्या टोकावरचे जड चाक, फ्लायव्हील, हेही पुलर या ओढून काढणाऱ्या हत्यारानेच काढावे. हातोडीने क्रँकला मार बसतो.

रिंग चढवताना एक बारकावा हमखास सुटतो. पिस्टनच्या खाचेत एक बारीक पिन असते आणि रिंगेची दोन्ही टोके तिच्या दोन बाजूंना यावी लागतात. रिंग सरकलेली राहिली तर टोक पोर्टमध्ये अडकते, रिंग मोडते आणि नवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) वाया जातो. इंजिन बांधून झाल्यावर दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये (पिस्टनने तयार होणाऱ्या दाबात) दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

खालच्या भागातल्या पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) दिसायला कितीही चांगला असो, बदलावाच. पडून राहिलेल्या इंजिनात त्याच्या पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात. एखादी पात तुटलेली दिसली तर तिचा तुकडा सापडेपर्यंत पुढे जाऊ नये, कारण तो वर थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे थंडाव्याचे पाणी सोडणाऱ्या झडपेपाशी, पाणी अडवतो. गिअरचे ऑइल दुधाळ निघाले तर प्रोपेलर शाफ्टचे सील गेले समजा. गळाची नायलॉन दोरी तिथे गुंडाळली जाते आणि सील कापते. नवे ऑइल वरचे भोक उघडे ठेवून खालच्या भोकातून भरावे, म्हणजे आत हवा अडकत नाही.

पेट्रोलबद्दल फार सावध राहिले पाहिजे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते पावसाळी हवेतले पाणी शोषते आणि पाणी वाढले की तळाशी वेगळा थर बसतो. त्या थरात ऑइल जवळपास नसतेच. तोच थर इंजिनात गेला तर बोअर कोरडा चालतो. म्हणून होडी ठेवताना टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत, जुन्या रबरी नळ्या बदलाव्यात. ऑइल टीसी-डब्ल्यू३ या, होडीच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या, दर्जाचेच घ्यावे, स्कूटरचे नको. रनिंग-इनचे, म्हणजे नवे भाग रुळण्याचे, पहिले दहा तास पेट्रोलच्या लिटरला ४० मिली, नंतर इंजिनाच्या पुस्तिकेत ५०:१ प्रमाण दिले असेल तर २० मिली.

चाचणी दोनशे लिटरच्या ड्रममध्ये, उघड्यावर घ्यावी. बंद पार्किंगमध्ये नको, धूर जीवघेणा असतो. प्रोपेलर काढून ठेवावा. पाण्याची पातळी प्रोपेलरवरच्या आडव्या पट्टीच्या वर हवी. इंजिन सुरू होताच मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार आली पाहिजे. आली नाही तर लगेच बंद करावे. नदीतही ही धार पाहत राहावे, कारण जलपर्णी पाणी ओढायची जाळी बुजवते. ड्रममधले तेलकट पाणी नाल्यात ओतू नये.

ज्या संस्थांकडे आणि सोसायट्यांकडे पुरासाठी होड्या आहेत, त्यांनी ही चाचणी मे महिन्यात घ्यावी, म्हणजे सुटे भाग आणायला वेळ उरतो. प्रोपेलरला पिन असेल तर तीही तेव्हाच पाहावी. तिच्या जागी कोणी लोखंडी खिळा ठोकला असेल तर तो काढून पुस्तिकेत सांगितलेली पिन बसवावी. दगडाला धडकल्यावर पिन तुटली तर गिअर वाचतो. खिळा तुटत नाही आणि गिअर फुटतो. दोन जादा पिना आणि पक्कड होडीतच बांधून ठेवावी.

— एक वाचक, पुणे