बरणीतल्या चिठ्ठीसाठी, काका

सा. न. वि. वि.

काका, तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, तेव्हा नातवाकडून वाचून घ्या. मुद्दाम चारचौघांत लिहितेय.

डीएनए तपासायला तारामाशांचे जुने नमुने शोधत तुमच्याकडे येण्याआधी मी तीन ठिकाणी हात हलवत परतले होते. एकीकडे सगळे नमुने फॉर्मेलिनमध्ये. त्यात प्राणी देखणा राहतो, पण डीएनएची वाट लागते. दुसरीकडे बरण्या खडखडीत कोरड्या. तिसरीकडे कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब रजेवर. पुढच्या आठवड्यातही रजेवरच. "मेलेल्या माशांचं काय करणार, मॅडम?" हेही ऐकलं. (तारामासा मासा नाही, पण असो.)

तुम्ही कपाट उघडलंत, बरणी फडक्यानं पुसून उजेडात धरलीत. गळ्यापर्यंत स्पिरिट. आत जाड कागदाची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली: पोर्ट ब्लेअर, डिसें. १९८७, ओहोटी. मी विचारलं, शाईनं का नाही? "शाई स्पिरिटात उतरते. पेन्सिल कुठं जात नाही." आणि स्पिरिट उडतं म्हणून निवृत्तीनंतरही दर मे महिन्यात येऊन तुम्ही बरण्या भरत होतात. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारणारही नव्हतं. ती चिठ्ठी नसती तर तो तारामासा माझ्या दृष्टीनं शोकेसमधली वस्तू होता.

"एवढ्याशा तुकड्यातून काय कळणार?" असं तुम्ही विचारलंत, तेव्हा घाईत नीट सांगितलं नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. सुमात्रा, जावा, बोर्निओ आशियाला जोडलेले. हिंदी महासागरातून पॅसिफिकमध्ये जायच्या वाटा बऱ्याचशा बंद. निळ्या तारामाशाची पिल्लं काही आठवडे पाण्यावर वाहत जातात, म्हणजे दोन्हीकडे एकच गोतावळा असायला हवा. पण १९९८ च्या एका अभ्यासात दोन्ही बाजूंची घराणी वेगळी निघाली. बर्फ वितळलं, पाणी परत आलं, वाट मोकळी झाली. वाड्यातली भिंत पडली तरी चुली वेगळ्याच राहिल्या म्हणा ना.

अंटार्क्टिकातल्या ऑक्टोपसचंही असंच. ३३ वर्षांत जमवलेल्या ९६ ऑक्टोपसांच्या डीएनएवरून २०२३ मध्ये कळलं की सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या, दोन हिमयुगांमधल्या उबदार काळात पश्चिमेकडचा बर्फ कोसळून आज तुटलेले समुद्र एकमेकांना मिळाले होते. नाव शास्त्रज्ञांचं झालं, व्हायलाच हवं. पण तिथंही कुणीतरी तुमच्यासारखं बरण्या सांभाळत बसलं असणारच. अशी माणसं पगारपत्रकात सापडतात, शोधनिबंधात नाही.

माझ्या निबंधात तुमचं नाव येणार आहे. आभाराच्या ओळीत का होईना, पण येणार.

तुमच्या दोन तारामाशांचा डीएनए निघाला. अख्खा हात कापला नाही, तुम्ही म्हणालात तसे चारदोन नलिकापादच (हाताखालचे नळीसारखे बारीक पाय) घेतले. बरणीत माझी चिठ्ठी टाकलीय, पेन्सिलीनंच. मे महिन्यात स्पिरिट भरायला मी येते. चहा तुमच्याकडे.

तुमची,
तारामाशांवाली