लेबल कपाटाला नाही, कॅसेटला

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
गड्डा यात्रेचा आठवडा

चि. चिमू हिस बाबांचा आशीर्वाद.

भाऊबीज करून तू परत गेलीस आणि आठ दिवसांनी तुझा फोन आला होता. "बाबा, तुम्ही दिलेल्या हार्ड डिस्कमध्ये आजीच्या ओव्या सापडत नाहीत, तासभर शोधतेय." मी तेव्हा जरा तोऱ्यातच म्हणालो, "आहेत त्यात, नीट बघ." फोन ठेवल्यावर स्वतः बघायला बसलो. ओव्या होत्या, पण 'न्यू फोल्डर 2' मध्ये, 'ट्रॅक 07' या नावाने. मला दोन मिनिटांत सापडल्या, कारण तिथे मीच टाकल्या होत्या. तुला सात जन्मात सापडल्या नसत्या.

मग मला दुकान होतं तेव्हाची माझी कावीळ आठवली. तू तेव्हा बालवाडीत होतीस. मी पंधरा दिवस अंथरुणाला खिळलो आणि तुझी आई पूर्व भागातल्या आपल्या कॅसेटच्या दुकानात बसली. चौथ्या दिवशी तिने शटर ओढलं. गिऱ्हाईक यादी आणायचं, पण कुठली रेकॉर्ड कुठल्या खणात आहे हे फक्त माझ्या डोक्यात होतं, आणि डोकं तापाने फणफणलेलं. ती म्हणाली, "तुमचं दुकान तुमच्याशिवाय दुकानच नाही, नुसती अडगळ आहे." मला ते तेव्हा कौतुक वाटलं होतं.

तू ते दुकान फार पाहिलं नाहीस. लोक कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून न्यायचे. विड्या वळणाऱ्या बायका तेलुगू गाण्यांची यादी आणायच्या, पानं कापता कापता ऐकायला. मागावरची पोरं पगाराच्या दिवशी यायची : "मालक, ए बाजूला भक्ती भरा, बी बाजूला पिक्चरची." (रीतसर नव्हतंच ते काम, आता कबूल करायला हरकत नाही.) साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. जुनं गाणं सव्वातीन मिनिटांचं, कारण मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. म्हणजे एका बाजूला नऊ गाणी. मिनिटांचा हिशेब मला तोंडपाठ होता, नावांचा हिशेब मात्र मी कधी कागदावर मांडला नाही. तोच पसारा पुढे जसाच्या तसा कॉम्प्युटरवर आला.

तर दिवाळीपासून आजपर्यंत मी तेच काम केलं. रोज सकाळी, नळाला पाणी नसेल त्या दिवशी जास्त वेळ. नवी हार्ड डिस्क कुरिअरने पाठवतोय. ती उघडण्याआधी हे पत्र वाच, नाहीतर तुझ्या स्वभावाप्रमाणे सगळं एका फोल्डरमध्ये ओतशील.

पहिली गोष्ट मला या वयात कळली, तुला कदाचित माहीत असेल. फाइलचं नाव म्हणजे गाण्याचं नाव नव्हे. एमपी3 च्या पोटात एक चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात. त्यात गाणं, गायक, संगीतकार, गीतकार, अल्बम, वर्ष, क्रमांक, सगळ्याला वेगळे चौकोन. प्लेअर ती चिठ्ठी वाचतो. मी फूबार2000 हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर वापरतो. दिसायला अगदी रुक्ष आहे, सरकारी रजिस्टरासारखं, पण हलकं आहे आणि आपल्या जुन्या कॉम्प्युटरला धाप लागत नाही. त्याला 'गाणी' हा एक फोल्डर दाखवून दिला की तो त्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या वाचून सूची तयार करतो. सूची म्हणजे गाणी नव्हेत, हे लक्षात ठेव. प्लेलिस्टमधून एखादं गाणं काढलं तर फाइल जागेवर राहते. पण प्लेअरमध्ये तू चांदण्या दिल्यास, कितीदा वाजवलं याची मोजदाद झाली, तर ती बहुतेक वेळा त्या प्लेअरच्याच वहीत राहते. प्लेअर बदलला की वही गेली. टॅग फाइलबरोबर फिरतो. लेबल कॅसेटला चिकटवायचं असतं, कपाटाला नाही, एवढं मला दुकानात सुचायला हवं होतं.

या चिठ्ठीची कल्पना तशी जुनीच. 1902 साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हानोवरला. तिथल्या माणसाला कुठली बाई काय गातेय हे कसं कळावं? म्हणून गाणं संपता संपता ती स्वतःच इंग्रजीत सांगायची, "माय नेम इज गौहर जान." नाव आवाजातच बांधून दिलं. शंभर वर्षांनी आपण त्याच तबकडीची एमपी3 करतो आणि नाव ठेवतो 'ट्रॅक 07'.

आता माझी फजिती. गाणी ऐकून आपोआप नावं लावणारं एक सॉफ्टवेअर असतं. आवाजाचा ठसा घेतं आणि इंटरनेटवरच्या साठ्याशी ताडून बघतं. कल्पना झकास. मी एका रात्री तीनशे गाणी त्याच्या हवाली केली, 'सगळं सेव्ह' दाबलं आणि झोपलो. सकाळी बघतो तर निम्म्या अभंगांच्या पुढे वर्ष म्हणून नंतर कधीतरी निघालेल्या सीडीचं वर्ष, आणि मी हाताने भरलेल्या संगीतकाराच्या जागी भलतंच काही. यंत्राला दोष देत नाही, त्याने जे साठ्यात होतं ते लिहिलं. न बघता सही मी केली होती. जुनी प्रत दुसऱ्या डिस्कवर होती म्हणून वाचलो. त्यानंतर सगळं एमपी3टॅग या टॅग भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दहा-दहा गाणी, चष्मा लावून.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला नावांनी. एकटे भीमसेन जोशी माझ्याकडे पाच जण होते. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी', रोमन लिपीतले एक, आणि पाचवे पहिल्यासारखेच दिसायचे तरी वेगळे. दोन दिवस डोकं खाजवलं. आडनावाच्या शेवटी एक मोकळी जागा पडली होती! स्पेस. डोळ्याला दिसत नाही, कॉम्प्युटरला दिसते. मी आता उपाध्या सगळ्या काढून टाकल्यात. त्यात अनादर नाही, 'पं.' लावलं की निम्मे गायक 'प' खाली जाऊन बसतात आणि उस्ताद 'उ' खाली.

दुसरा घोळ माझ्या जुन्या हौसेचा. 2004 साली मी काही टॅग मराठी फाँटात टाइप केले होते. ते मराठी नव्हतंच, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा चढवलेला होता. फाँट गेला, मुखवटा उतरला, आणि आता तिथे कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं दिसतात. शंभरेक गाणी ऐकून ऐकून परत लिहिली. टॅगची 1996 सालची पहिली पद्धत तर नावाला तीसच अक्षरं द्यायची, त्यात देवनागरीचा विचारच नव्हता. तू काही भरलंस तर युनिकोडमध्येच भर, त्यात फाँट बदलला तरी अक्षर तेच राहतं. एमपी3टॅगमध्ये मी 'आयडी3 व्ही2.3, यूटीएफ-16' ही सोय निवडून ठेवली आहे, ती हलवू नकोस. फाइलची नावं मात्र मुद्दाम रोमनमध्ये ठेवलीत. गाडीतल्या प्लेअरला देवनागरी दिली की तो नुसते डबे दाखवतो. आणि खरं सांगू का, तू मोबाइलवर शोधताना मराठी कुठे टाइप करतेस?

आपल्या गाण्यांना परदेशी चौकोन पुरत नाहीत, हेही जाणवलं. तिकडचा हिशेब गायक आणि अल्बम एवढ्यावर भागतो. आपल्याकडे गीतकार रिकामा ठेवला तर अर्धं घर उघडं पडतं. सोलापूरचे कवी संजीव घे. गायकाच्या नावाने लावलेल्या कपाटात ते कुठेच नाहीत. गीतकाराचा चौकोन भरला आणि ते एका ओळीत समोर आले. आपल्याच गावचा माणूस माझ्याच कपाटात एवढी वर्षं बिननावाचा पडून होता. राम जोशींच्या लावणीला वर्ष कुठलं लावायचं, यावर तुझ्या आईशी वाद झाला. तिचं म्हणणं पेशवाईतलं लाव. मी ध्वनिमुद्रणाचं लावलं, कारण वर्षाचा चौकोन त्या आवाजाचा असतो. तिला अजून पटलेलं नाही.

क्रमांकाचा चौकोन मी आधी निरुपयोगी समजायचो. मग गीतरामायण लावायला घेतलं. छप्पन्न गाणी, 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी आलेली, आणि क्रम म्हणजेच गोष्ट. अकारविल्हे लावली की रामजन्माच्या आधीच राज्याभिषेकाचा जयजयकार होतो. एक ते छप्पन्न क्रमांक दिले, आणि फाइलच्या नावात 1 न लिहिता 01 लिहिलं, कारण बऱ्याच गाड्यांतले प्लेअर 1 नंतर थेट 10 वर उडी मारतात.

वेगवेगळ्या गायकांच्या एकत्र सीडी असतात, त्यांना 'अल्बम आर्टिस्ट' मध्ये 'विविध' लिहिलंय. ते नसलं तर एका सीडीचे बारा तुकडे होऊन बारा गायकांकडे जातात. शास्त्रीय संगीताला मी 'राग' हा स्वतःचा चौकोन जोडला, फूबारमध्ये तसा जोडता येतो. त्यावरून आपोआप भरणाऱ्या याद्या केल्यात. सकाळच्या यादीत भैरव, तोडी, संध्याकाळी यमन, रात्री मालकंस. तुझ्या ऑफिसच्या वेळा रागांना मानवणाऱ्या नाहीत, पण सुट्टीच्या दिवशी लावून बघ.

दर्जाबद्दल थोडक्यात. बाजारातल्या 'दीडशे गाणी एका सीडीत' वाल्या फाइली 128 केबीपीएसच्या, म्हणजे आवाज दाबून लहान केलेल्या आहेत, आणि गाण्याच्या नावात कुठल्या कुठल्या डॉट कॉमची शेपूट होती ती छाटली. त्या 320 करू नकोस, ते पाणी घालून दूध वाढवणं आहे. माझ्या कॅसेटी मी फ्लॅक या प्रकारच्या फाइलींत ठेवल्यात. त्यात आवाज जसाच्या तसा राहतो, जागा मूळ रेकॉर्डिंगच्या जवळपास निम्मी लागते आणि टॅगही नीट बसतात. कॅसेटचा आवाज बारीक आणि सीडीचा मोठा, म्हणून दर गाण्याला उठून बटण फिरवावं लागायचं. त्याला रिप्लेगेन म्हणून सोय आहे. ती गाण्याला हात लावत नाही, आवाज किती कमी-जास्त करायचा तो आकडा फक्त चिठ्ठीत लिहिते.

आता ओव्यांकडे येतो.

ती कॅसेट आजीच्या नकळत भरलेली आहे. पूर्व भागातल्या भाड्याच्या घरात, भिंतीपलीकडे यंत्रमाग. आजी जात्यावर बसली होती आणि मी टेपरेकॉर्डर पिठाच्या डब्यामागे ठेवला होता. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली तेव्हा ओव्यांपेक्षा मागाची खटखटच जास्त. गोंगाट काढायची सोय आहे त्यात : नुसत्या खटखटीचा एक तुकडा निवडून दाखवायचा, मग ते तसला आवाज सगळीकडून पुसतं. मी पुसला. आजीचा आवाज स्वच्छ झाला, पण पाण्यातून आल्यासारखा, आणि जात्याची घरघरही बरीचशी गेली. ती कुठे बसून गातेय तेच कळेना. म्हणून मूळ रेकॉर्डिंग जसं आहे तसं ठेवलंय, आणि स्वच्छ केलेली प्रत शेजारी.

मग चौकोन भरायला घेतले. प्रकार : ओवी. राग : रिकामा. गीतकार : पारंपरिक, पण मधल्या दोन ओव्या तिच्या स्वतःच्या आहेत, त्यात तुझ्या आत्याचं नाव येतं, म्हणून त्या वेगळ्या कापून तिथे तिचं नाव लिहिलं. वर्ष मला आठवेना. तुझ्या आईने सांगितलं, तू पोटात होतीस, त्यावरून लावलं. गायक या चौकोनाशी मात्र अडलो. मी आधी 'आई' लिहिलं. मग वाटलं, तू 'आजी' म्हणून शोधशील, तुला काहीच मिळणार नाही. 'आजी' लिहिलं, तर आत्याला मिळणार नाही. आणि तुझ्या पोरांची ती कोण?

शेवटी गायकाच्या जागी तिचं पूर्ण नाव घातलं, माहेरच्या आडनावासकट. शेरा लिहायचा चौकोन असतो, त्यात 'आई, आजी, पणजी, जातं, माग' असं सगळं लिहून ठेवलंय. यातलं काहीही टाइप केलंस तरी ती सापडेल. सापडली की फोन कर.

तुझा,
बाबा

ता. क. डिस्कबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवतोय. चटणीचा डबा डिस्कला लागून ठेवू नका असं कुरिअरवाल्याला बजावलंय, तरी तेल लागलं असेल तर पुसून मगच जोड.