रम्बलर हवेत, पण त्यांची जागा आणि आकार बदला

संपादक महोदय,

सातारा-कराड दरम्यान आमच्या गावचा रस्ता पुणे-बेंगळुरू महामार्गाला मिळतो, तिथेच आमचं घर आहे. फाट्याच्या अलीकडे रम्बलरचे, म्हणजे गाडीला हादरे देऊन चालकाला सावध करणारे, जाड पांढरे पट्टे मारले आहेत, अगदी आमच्या अंगणासमोर. ते हवेत म्हणून गावाने दिलेल्या अर्जावर माझीही सही होती. आजही ते काढा असं मी म्हणत नाही.

पण गळीत हंगामात रात्री उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या त्यावरून जातात तेव्हा फाळके, साखळ्या, हूक सगळं एकदम आदळतं. आई अडीचला दचकून उठते, ती पहाटेपर्यंत अंथरुणात बसून राहते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे नियमात २००० सालापासून लिहिलेलं आहे.

या पट्ट्यांकडून आपल्याला दोन कामं हवी आहेत. पहिलं, फाटा येतोय हे सांगणं. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पट्टे फाट्याच्या ६० मीटर अलीकडे असतील, तर चालकाला तीन सेकंदही मिळत नाहीत. तेच फाट्यापासून २०० मीटर मागे, उसाच्या रानाजवळ नेले तर नऊ सेकंद मिळतील आणि आवाजही घरांपासून लांब राहील.

दुसरं काम, डुलकी लागलेल्याला जागं करणं. ते रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यांनी होतं, कारण लेन सोडणारी गाडीच त्यावर जाते. हे कडेचे पट्टे म्हणजे रस्त्यात कोरलेल्या खाचा. नेहमीच्या खाचेच्या काठावर टायर आपटतो आणि तो आवाज दूरवर जातो. डेन्मार्कमध्ये, अमेरिकेत मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियात खाच लाटेसारखी कोरून पाहिली आहे. एका लाटेची लांबी सुमारे ३५ सेंटीमीटर. टायर आपटत नाही, वरखाली होत जातो. ८० च्या वेगाला सेकंदाला साठेक हिसके स्टिअरिंगला आणि सीटला बसतात, चालक जागा होतो. बाहेर मात्र आवाज बराच कमी येतो. आपल्याकडच्या पावसात या खाचांत पाणी साचतं का आणि दुचाकी त्यावर कशी चालते, हे आधी पाहायलाच हवं.

म्हणून विनंती एवढीच आहे. फाट्यावरचे पट्टे मागे सरकवा आणि एखाद्या किलोमीटरवर कडेला लाटेची खाच कोरून पाहा. आवाज गाडीत बसून मोजा, आणि रात्री अडीचला आमच्या अंगणात येऊनही मोजा.

– एक वाचक, जि. सातारा